करवंदीच्या जाळीखालचे खाचर

दहिवडीहून निघाले तेव्हा आमच्याकडे रणरणते ऊन होते. आषाढ निम्मा सरला होता आणि माण तालुक्यात बाजरीची पेरणी साधेल एवढाही पाऊस झाला नव्हता. आईने बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, छत्री माझ्या काखेत कोंबली आणि म्हणाली, "भिजायला चाललीयस, तर आमच्या वाटचं बी भिजून ये."

मी चालले होते माझ्या मैत्रिणीकडे, मनीषाकडे. पुण्यात एम. ए. करताना आम्ही वसतिगृहात एका खोलीत राहिलो. दोघींचा विषय भूगोल, आणि दोघींच्याही घरात कॉलेजची पायरी चढलेले आमच्याआधी कोणी नव्हते. मी आता आमच्या गावाकडच्या ज्युनियर कॉलेजात शिकवते, ती भोरला क्लास घेते. तिचे माहेर वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याशी. आठवड्यापूर्वी तिचा फोन आला होता.

"सुट्टी काढून ये. यंदा निकाल आहे."

"कसला गं?"

"आईच्या डोंगराचा."

कोणता डोंगर ते मला एवढ्यावरच कळले, पण वाचकांना सांगायला हवे. एम. ए. च्या दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला चुनखडीच्या खडकांचा प्रदेश शिकवला होता. तिथे माती मुळातच थोडी, खडकांच्या फटीफटीत साठलेली. त्या मातीला धरून काय राहते, तर खुरटी काटेरी झुडपे. लोकांनी ती सरपणासाठी, चराईसाठी तोडली की पावसाचे पाणी माती घेऊन भेगांतून खाली उतरते आणि वर उरतो नुसता पांढरा दगड. सरांनी पडद्यावर तसा एक उघडा उतार दाखवला. बाकीचे वहीत उतरवून घेत होते. माझ्या शेजारी मनीषा मात्र ताठ बसली आणि कुजबुजली, "हा तर आमचा डोंगर आहे. फक्त आमचा काळा."

त्या सुट्टीत घरी जाऊन तिने आईला सांगितले की आपल्या वरच्या खाचरावरची (खाचर म्हणजे भाताचे बांध घातलेले शेत) झुडपे तोडायची बंद करू. आईने ऐकले. हे ऐकणे किती महागाचे होते, ते मला या प्रवासात कळायचे होते.

साताऱ्याला गाडी बदलली. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना काचा कोरड्या होत्या. शिरवळला ढग दिसले. सारोळ्याला नीरेचा पूल ओलांडला आणि पाऊस असा आडवा आला की माझ्या शेजारच्या आजोबांनी खिडकी लावायच्या आत दोघेही भिजलो. मी हसत सुटले. आजोबा म्हणाले, "पावसाला हसतीयास? माणची दिसतीस." मी म्हटले, "व्हय." ते म्हणाले, "मग हस, हस."

कापूरहोळच्या चौकात मनीषा स्कूटर घेऊन उभी होती. रात्र तिच्या भोरच्या घरी काढून सकाळी वेल्ह्याला निघायचे ठरले होते. भोरच्या रस्त्याला लागलो. डाव्या-उजव्या हाताला भाताची खाचरे, त्यात गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, पाठीवर निळे प्लॅस्टिक. आमच्याकडे शेतात हिरवे दिसले तर ते ज्वारीचे किंवा बाजरीचे, रांगेतले, मोजके. इथले हिरवे डोळ्यांत मावत नव्हते.

सकाळी पुन्हा कापूरहोळ, आणि तिथेच स्कूटरचे मागचे चाक बसले. चौकात दुरुस्तीची दुकाने रांगेने आहेत. मनीषाच्या ओळखीचे एक चाचा होते, पांढरी दाढी, गुडघ्यावर दुमडलेली विजार. त्यांनी ट्यूब बाहेर ओढली, पाण्यात बुडवली.

"चाचा, जरा लवकर करा. वर पाऊस वाढतोय," मनीषा म्हणाली.

"पाऊस तर वाढनारच, आखाड हाय. तुमी कुठं निघाला?"

"माहेरी. वेल्ह्याला."

चाचांनी मान वर केली. "तू हौसाबाईची ना? ती जाळीवाली?"

मनीषाने माझ्याकडे पाहिले. कपाळावर आठी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम.

"हितपर्यंत पोचलं का?" ती म्हणाली.

"टेम्पोवाले सांगत्यात की. म्हनं बाई करवंदीची जाळी राखती, जसा कोन मळा राखतो." चाचांनी ठिगळ दाबून धरले. "माझा बाप डोंगरात लाकडं तोडाया जायचा. तवा ह्या समद्या टेकड्या झाडीच्या व्हत्या. आता बघ." त्यांनी दाखवले त्या दिशेला महामार्गाच्या पलीकडे एक टेकडी होती. तिच्या अंगावरून लाल पाण्याचे ओघळ उतरत होते. "आईला सांग, चाचा म्हनला राख."

नसरापूरवरून आत वळलो. आंबवणे, करंजावणे मागे टाकत विंझरला आलो तेव्हा दोघींच्या ओढण्या पिळून काढाव्यात अशा झाल्या होत्या. विंझरच्या एका टपरीवर चहा आणि गरम वडापाव घेतला. टपरीवाल्या ताईंनी मनीषाला ओळखले.

"आली का गं? काय म्हनतो बांध?"

"उभाय अजून."

"ह्या पावसात ऱ्हायला तर ऱ्हायला," ताई म्हणाल्या. "न्हाईतर बबनराव काय ऐकनार न्हाईत. परवाच हितं बसून म्हनत व्हते, आखाड सरू द्या, कोयत्याला धार लावून ठेवलीया."

चहा पिता पिता मनीषाने मला भांडण समजावून सांगितले. मी ते तिच्या शब्दांत नाही, माझ्या शब्दांत सांगते.

या भागात भाताचे रोप तयार करण्याआधी राब भाजतात. म्हणजे झाडाझुडपांच्या डहाळ्या तोडायच्या, त्या वाळवून रोपाच्या जागेवर पसरायच्या, वर पाचोळा, शेण, माती घालायची आणि पेटवायचे. जमीन भाजली की तण मरते, राख मिळते, रोप तरारून येते. ही पिढ्यांची रीत आहे आणि तिला अर्थ आहे. पण डहाळ्यांचा भारा डोक्यावरून आणायचा असतो. म्हणून माणूस स्वाभाविकच सगळ्यांत जवळची झुडपे तोडतो, म्हणजे आपल्याच खाचराच्या डोक्यावरची. ज्या खाचरासाठी राब भाजायचा, त्याच खाचरावरचा उतार त्यासाठी उघडा करायचा. मग आषाढात तो उतार मुरूम होऊन खाली येतो आणि खाचर भरून टाकतो. मनीषाचे वडील गेले त्या वर्षी त्यांचे वरचे खाचर असेच मुरमाखाली गेले होते.

डोंगर भावकीचा, सामाईक. आईने आपल्या खाचरावरचा पट्टा तोडू नका म्हटल्यावर भावकीतल्या सगळ्या बायकांना डहाळ्यांसाठी लांब, ओढ्यापलीकडे जावे लागले. त्यांच्या माना दुखल्या, शिव्या मनीषाच्या आईला बसल्या. मनीषाचे चुलते बबनराव भावकीत मोठे. त्यांनी बैठकीत ठरवून टाकले की तीन पावसाळे पट्टा राखू. तिसऱ्या आषाढापर्यंत वहिनींचा बांध एकदा जरी फुटला, तर झुडपांचा काही उपयोग नाही असे समजायचे आणि पट्टा पुन्हा राबाला घ्यायचा. हा तिसरा आषाढ होता.

"आणि फुटला तर?" मी विचारले.

"तर आई पुन्हा कुणाचं ऐकणार नाही," मनीषा म्हणाली. "माझं तर नाहीच."

वेल्हे ओलांडले. कागदोपत्री आता तालुक्याचे नाव राजगड आहे, पण एसटीत, बाजारात, फोनवर सगळे वेल्हेच म्हणतात. तोरणा ढगात होता. पुढे डांबर संपले, आणि एका चढावर स्कूटरने आम्हा दोघींना सरळ शेजारच्या खाचरात उतरवले. लागले कोणालाच नाही. कमरेपर्यंत चिखलाने माखलेल्या आम्ही वाडीत शिरलो तेव्हा ओट्यावरच्या एका गृहस्थांनी आधी आम्हाला नीट न्याहाळले.

"या, या, प्रोफेसरबाई! आवनी करूनच आलात जनू!"

आवणी म्हणजे भाताची लावणी, आणि बोलणारे हेच बबनराव. उंच, सडपातळ, डोक्यावर टोपी, तोंडात पान.

"काका, पाया पडते," मनीषा चिखलाच्या हातांनी वाकली.

"लांबनं पड, लांबनं. धोतार कालच धुतलंय." मग माझ्याकडे वळून, "ह्या बी भूगोलवाल्या का? बरं झालं. एकीनं डोंगर राखला, आता दुसरी ढग राखायला आली."

मला हसू आवरले नाही. खरे सांगायचे तर हा माणूस मला पहिल्या क्षणापासून आवडला.

हौसामावशी, मनीषाची आई, आमची वाट बघत चुलीपाशी होत्या. ठेंगण्या, काटक, हिरव्या बांगड्यांच्या जागी आता दोन पितळी पाटल्या. त्यांनी आम्हाला गरम पाणी दिले, कोरडी लुगडी दिली आणि जेवायला बसवले. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, भारंगीची कडसर भाजी आणि ओढ्यातल्या खेकड्यांचा लालभडक रस्सा. खेकडा कसा फोडायचा ते मला येईना. मावशींनी माझ्या हातातून नांगी घेतली, पाट्यावर ठेवून ठेचली आणि परत दिली.

"माणात खेकडं न्हाईत?"

"पाणीच नाही मावशी, खेकडं कुठनं येतील?"

"मंग खा पोटभर. हितं लई झाल्यात. समद्या बांधांना भोकं पाडत्यात मेले."

दुपारी पाऊस थोडा थांबला तेव्हा त्या आम्हाला वर घेऊन गेल्या. घरामागून पायवाट, एकाखाली एक उतरलेली खाचरे, आणि सर्वांत वर, डोंगराला चिकटून, ते एक. नुकतीच लावलेली रोपे पाण्यात पिवळट हिरवी उभी होती. त्याच्यामागे उतार सुरू होत होता आणि त्याच्याकडे मी नुसती पाहत राहिले.

करवंदीच्या जाळ्या, धायटी, तोरण, हेकळ, मधूनमधून कारवी, सगळे एकमेकांत गुंतलेले. माणसाच्या कमरेपेक्षा फारसे उंच काही नाही. वन म्हणावे असे काही नाही. खात्याच्या भाषेत याला निरुपयोगी झुडुपी जमीन म्हणतील. मी वाकून जाळीच्या आत हात घातला. वरून पाऊस पुन्हा पडू लागला होता, माझ्या पाठीवर थेंब टपटप आपटत होते, पण जाळीच्या आत हाताला लागत होती ती फक्त हळू झिरपणारी ओल. थेंब पानावर फुटत होता, पानावरून काटक्यांवर, काटक्यांवरून खाली. जमिनीवर कुजलेल्या पाचोळ्याची जाड गादी होती. ती बाजूला केली तर खाली काळी, भुसभुशीत माती आणि तिच्यात केसांसारखी मुळे, दगडांच्या कपारीत शिरलेली. प्रत्येक खोडाच्या वरच्या अंगाला मातीचा लहानसा उंचवटा जमला होता, जणू झुडपाने वरून येणारी माती अडवून आपल्या पायाशी घेतली होती.

आणि शेजारीच, एका हाताच्या अंतरावर, बबनरावांच्या खाचरावरचा पट्टा. तिथे कापलेले बुंधे होते, खुरटे, टोकदार. मधली जमीन पावसाने धुऊन काढलेली, खडे वर आलेले. हाताच्या तळव्याएवढ्या ओघळी वरून खाली निघाल्या होत्या. सरांनी पडद्यावर दाखवलेला उतार मला आठवला. फरक रंगाचाच होता.

"राबाचं कसं करता मग, मावशी?"

"ही म्हनली गादीवाफा कर." त्यांनी लेकीकडे बघितले. "शेनखत घालून उंच वाफा. पयल्या वर्साला रोप एवढंसं आलं, पिवळं. भावजी म्हनले, वैनी, हे रोप हाय का जिरं? म्या रडले व्हते. दुसऱ्या वर्साला खत जादा घातलं, राख चुलीतली घातली. आवंदा बघा, उरलंय रोप."

खरेच, घरामागच्या वाफ्यात रोपांच्या जुड्या अजून शिल्लक होत्या.

त्या दिवशी संध्याकाळी पाऊस जो लागला तो थांबलाच नाही. पत्र्यावर त्याचा आवाज इतका की बोलणे ऐकू येईना. पहाटे उजाडताना तो ओसरला आणि त्याच्या जागी दुसरा आवाज आला, ओढ्याचा, घरघरणारा. मावशी आधीच उठल्या होत्या. लुगडे वर खोचून, हातात खोरे घेऊन त्या दाराबाहेर पडत होत्या.

"आई, थांब, आम्ही येतो!"

त्या थांबल्या नाहीत. आम्ही दोघी त्यांच्या मागे, घसरत, एकमेकींना धरत वर गेलो.

बांध उभा होता. खाचर काठोकाठ भरले होते आणि ठरलेल्या जागेतून, सांडीतून (जादा पाणी काढून देण्याच्या वाटेतून), पाणी खालच्या खाचरात उडी मारत होते. रोपांचे फक्त शेंडे दिसत होते. मावशींनी एक मोठा श्वास सोडला. आणि तेवढ्यात मनीषा ओरडली, "आई, हे बघ!"

बांधाच्या मधोमध, खालच्या अंगाने, मुठीएवढ्या भोकातून पाणी उसळत होते. खेकड्याचे बीळ. बघता बघता भोकाच्या कडा ढासळत होत्या, एका मुठीच्या दोन मुठी होत होत्या. मावशींनी खोऱ्याने चिखल मारला, तो वाहून गेला. मनीषाने गवताचा पेंडका कोंबला, तोही गेला. मला त्या क्षणी एकच गोष्ट दिसत होती. हा बांध खेकड्याने फुटेल आणि बोल मात्र झुडपांना लागेल. भावकीत कोण विचारणार होते, भोक कोणी पाडले म्हणून? तीन वर्षे राखलेली जाळी एका खेकड्यापायी जाणार होती.

मी वरच्या बाजूने खाचरात उतरले. पाणी मांडीपर्यंत. हाताने चाचपडत भोकाचे तोंड सापडले, पाणी तिथे हात ओढून घेत होते. मी पाठ टेकवून तिथेच बसले. दुसरे काही सुचले नाही. पाण्याचा जोर जरा कमी झाला.

"बस, बस तशीच! उठू नगंस!" मावशी ओरडल्या.

"उठते कशाला, पाणी लई गार हाय पण!"

तेवढ्यात शेजारच्या खाचराच्या बाजूने बबनराव आले. टोपी नव्हती, धोतर कमरेपर्यंत भिजलेले, चेहरा उतरलेला. ते उभे राहून क्षणभर बघत होते. बांध गेला असता तर त्यांचे म्हणणे खरे ठरले असते. त्यासाठी त्यांना काही करावेही लागणार नव्हते, नुसते उभे राहिले तरी पुरे होते.

"वैनी, चिखुल काय मारताय वरनं! दगूड लागंल!" असे म्हणत त्यांनी बांधाखालचा एक चपटा दगड उचलला, खालच्या अंगाने भोकावर आडवा लावला आणि खांदा टेकवून उभे राहिले. "मने, मातीची ढेकळं आन. गवतासकट. जाळीखालची आन, ती चिकाट अस्ती."

मनीषाने पळत जाऊन जाळीच्या कडेची मुळ्यांनी विणलेली ढेकळे खोऱ्याने काढून आणली. मी वरून ती दाबत गेले, काकांनी खालून पाय देऊन ठोकली, मावशींनी त्यावर चिखल थापला. मुळे मातीला धरून होती, ढेकूळ विरघळत नव्हते. पाणी झिरपू लागले, मग थेंबथेंब, मग थांबले.

मी बाहेर आले तेव्हा थरथरत होते. बबनराव माझ्याकडे बघून म्हणाले, "माणच्या मास्तरीन, ढग राखाया आलात, आन् बांध राखला."

मग मावशींची नजर शेजारी गेली.

बबनरावांचे वरचे खाचर दिसत नव्हते. खाचराच्या जागी लाल मुरमाचा, दगडांचा पसारा होता. त्यांचा बांध दोन ठिकाणी मोकळा झाला होता. डोंगरावरच्या उघड्या पट्ट्यात ओघळींचे आता चर झाले होते आणि त्यातून अजूनही गढूळ पाणी खळखळत येत होते. आमच्याकडे यायच्या आधी ते हेच बघत उभे होते. त्यांना स्वतःच्या शेताचे करण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून ते आमच्याकडे आले होते.

ते चालत दोन्ही पट्ट्यांच्या मधल्या कडेला गेले. मावशींच्या जाळीतून उतरणाऱ्या पाण्याची एक बारीक धार तिथे होती. त्यांनी ओंजळ धरली. पाणी स्वच्छ होते, तळहाताच्या रेषा दिसत होत्या. ते प्यायले. मग दोन पावले पलीकडे जाऊन आपल्या पट्ट्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते चहासारखे होते. बोटांच्या फटीतून पाणी गळून गेले आणि हातात बारीक खडे उरले.

"एकच डोंगूर," ते म्हणाले. "एकच पाऊस."

मावशी जवळ गेल्या. मला वाटले आता त्या तीन वर्षांचे सगळे बोलून घेतील. त्या म्हणाल्या, "भावजी, रोप उरलंय माझं. जुड्या हायत. मुरूम काढू आन् लावू. आजून दिस गेला न्हाई."

"तुमचं जिऱ्याचं रोप?" बबनराव म्हणाले. थट्टा अजून सुटली नव्हती.

"व्हय. जिऱ्याचंच. पायजे का न्हाई?"

"पायजे, वैनी."

दुसऱ्या दिवशी इर्जिक झाले. इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात राबायचे आणि ज्याचे शेत त्याने जेवण घालायचे. सगळी भावकी उतरली. मुरूम पाट्यांनी उपसला, बांध पुन्हा घातला, पुरुषांनी चिखलणी केली. मग बायका ओळीने वाकल्या आणि मावशींची रोपे बबनरावांच्या चिखलात उभी राहिली. मीही लावली. माझ्या ओळी वाकड्या गेल्या आणि बबनरावांच्या पत्नीने, मनीषाच्या काकूने, मागून येऊन निम्मी रोपे उपटून परत लावली. "भूगोल सरळ असंल तुमचा, ओळ न्हाई," त्या म्हणाल्या आणि सगळे खाचर हसले. कोणीतरी गाणे धरले. मला शब्द येत नव्हते, पण सूर लागला.

जेवणावळीत, भात वाढता वाढता, काकूच बोलल्या. तीन वर्षे लांबून भारे वाहून ज्यांची मान दुखली होती, त्या.

"आता काय, वैनीचा पट्टा तोडायचा का न्हाई?"

सगळे बबनरावांकडे बघू लागले. त्यांनी घास खाली ठेवला.

"न्हाई तोडायचा. आन् माझा बी न्हाई." मग मनीषाकडे बोट करून, "फकस्त ह्या मास्तरनीनं एक सांगावं. बायकांच्या डोक्यावरचा भारा कसा कमी व्हायचा? झाड राखा म्हननं सोपं हाय."

"वाफा, काका," मनीषा म्हणाली. "आईसारखा. ज्यांना राबच भाजायचा, त्यांनी बांधावरच्या ऐनाच्या झाडांच्या फांद्या छाटायच्या. त्या खालीच आहेत, चढायचं नाही. पहिल्या वर्षी रोप बारीक येईल. आईला आलं तसं."

"आन् त्या वर्साला मी हसनार," मावशी म्हणाल्या.

"हसा की," काकू म्हणाल्या. "लई दिस तुमी रडला."

मी तिथे बसले होते, पुढ्यात पत्रावळ, हातात इंद्रायणीचा गरम भात. आम्हाला वर्गात शिकवणाऱ्या सरांना हे दिसायला हवे होते असे वाटले. माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि मला म्हणायची, तू शीक, पुढचं पुढं बघू. शिकून काय होते हे तिला मी कधीच नीट सांगू शकले नव्हते. पगार होतो, एवढे सांगता येत होते. आता मला दुसरेही काही सांगता येणार होते.

निघायच्या दिवशी ऊन पडले. तोरणा स्वच्छ दिसला. एसटी वळणावर थांबली तेव्हा अर्धी वाडी सोडायला आली होती. बबनरावांनी तांदळाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणे, गाडी निघू द्या." बबनराव म्हणाले, "थांब की मर्दा, बांध राखलाय हिनं." कंडक्टरला काही कळले नाही, पण त्याने घंटी मारली नाही.

परतीच्या वाटेवर मी खिडकीतून प्रत्येक उतार बघत होते. जिथे झुडूप तिथे पाणी हळू, जिथे उघडे तिथे लाल. पूर्वीही मी हीच वाट आले होते, पण तेव्हा मला फक्त हिरवे दिसले होते. दहिवडीला आईने तांदूळ हुंगून बघितला, मी सगळे सांगितले, आणि ती म्हणाली, "म्हंजे काटंरी झाडं चांगली म्हन की. मग आमच्या माळावरची बोरी-बाभळी कशाला तोडत्यात?" मी म्हटले, तेच सांगायला सोमवारी मुलांना माळावर घेऊन चालले आहे.

हे लिहिते आहे तेव्हा फाल्गुन लागला आहे. मावळात राबाचे धूर निघायचे दिवस. काल मनीषाचा फोन आला. वाडीतले काही जण जुन्या सवयीने कोयते घेऊन वर गेले होते. बबनराव आधीच तिथे जाऊन बसले होते, तंबाखू मळत. त्यांनी कोणाला अडवले नाही, रागावले नाहीत. फक्त बोट दाखवून सांगितले की फांद्या खाली बांधावर आहेत. माणसे हसत हसत उतरली. बबनरावांच्या स्वतःच्या पट्ट्यात, कापलेल्या बुंध्यांतून, धायटी आणि करवंदी पुन्हा फुटली आहे, गुडघ्याएवढी झाली आहे. शेळ्या येऊ नयेत म्हणून काकूंनी काट्यांचे कुंपण घातले आहे, आणि तिकडून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या ते कुंपण दाखवतात.

झुडपाला आपण नावे ठेवतो, झाडाला नाव देतो. ज्याची सावली पडत नाही, फळ बाजारात खपत नाही, लाकूड कामाला येत नाही, ते आपल्या लेखी रान नाहीच. पण डोंगरावर माती किती थोडी असते आणि ती कशी धरून ठेवलेली असते, हे मी त्या आषाढात हाताने चाचपून पाहिले आहे. तिला मोठ्या झाडाची वाट बघायला वेळ नसतो. कमरेएवढी जाळी पुरते, तिला फक्त राहू द्यायचे असते.

चार महिन्यांनी पुन्हा तिकडे आभाळ फाटल्यासारखा पाऊस येईल. येऊ दे. आता दोन पट्टे उभे आहेत.